बोन्सायच्या चौरंगासाठी हत्यारं घेणं ही उधळपट्टी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र वाचलं. रिटायरमेंटच्या आसपासची माणसं छंदाच्या नावाखाली कसे पैसे उडवतात असा विषय होता, त्यात कॅमेरे आले, गिअरच्या सायकली आल्या, आणि शेवटी एक वाक्य होतं की कुंडीखालच्या पाटासाठी वीस हजारांची सुतारकामाची हत्यारं घेणारी माणसंही आपण पाहिलीत. ते माझ्याबद्दल नसेल, पण मी अगदी तेच केलंय. हिशोब काढला तर माझे २०,२०० झालेत. त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्याकडे येते असं मला वाटलं, पत्र जरा लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

माझ्याकडे एक वड आहे. २००३ साली माहेरच्या वाड्याच्या मागच्या भिंतीतून उपटलेलं वीतभर रोप होतं ते, वाईला, भिंत फुटेल म्हणून काकांनी काढून टाकायला सांगितलेलं आणि मी ते दह्याच्या डब्यात घालून पुण्याला आणलं. तेव्हा बोन्साय वगैरे काही येत नव्हतं, नंतर शिकले, मुळं कापायला शिकले, तार गुंडाळायला शिकले, पानं काढून टाकली की पुढची पानं लहान येतात हे शिकले. आज तो दीड फुटाचा आहे, खोड माझ्या मनगटापेक्षा जाड, आणि दोन पारंब्या खाली मातीत रुजल्यात. सिंहगड रोडला आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो त्यामुळे गच्ची आहे, तिथे वड, दोन उंबर, कामिनी, चिंच, जेड, बोगनवेल अशी मिळून चोवीस झाडं आहेत, त्यातली दाखवण्यासारखी नऊ.

तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात वड ठेवला होता. प्रदर्शन कुठलं ते लिहीत नाही, आयोजकांचा त्यात काही दोष नव्हता. स्टँड मी ऑनलाइन मागवलेला होता, २,८०० रुपयांचा, फोटोत छान दिसत होता, खाली सॉलिड वूड लिहिलेलं. रोज सकाळी सगळेच आपापल्या झाडांवर पाण्याचा फवारा मारायचे, मीही मारायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला की झाड कललंय. जाऊन बघते तर स्टँडचा एक पाय फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले, आत लाकूड नव्हतंच, भुशाचा एमडीएफ आणि वर कागदासारखी पातळ व्हिनिअर, स्क्रू त्या भुशात फिरत होता. कुंडी सरकून टेबलाच्या कडेवर आपटली, कोपऱ्याचा टवका उडाला आणि डावीकडची सगळ्यात खालची फांदी मोडली. ती फांदी मी अकरा वर्षं वाढवली होती. बोन्सायमध्ये खालची फांदी गेली की झाडाचा तोलच जातो, वरती कितीही फांद्या असल्या तरी ती परत येत नाही, पुन्हा डोळा फुटला तरी तेवढी जाडी यायला तेवढीच वर्षं लागतात. त्या दिवशी रिक्षात मांडीवर झाड घेऊन घरी येताना मी ठरवलं की यापुढे स्टँड आपण करायचा.

स्टँड एवढा महत्त्वाचा का हे बोन्साय न करणाऱ्याला सांगायला हवं. झाड रोज त्यावर नसतं, रोज ते गच्चीवर साध्या लोखंडी मांडणीवर ऊन खात असतं. स्टँड असतो ते दाखवायच्या दिवसासाठी. जपानमध्ये घरातल्या टोकोनोमात, म्हणजे भिंतीतल्या खास कोनाड्यात, झाड मांडायची रीत आहे आणि झाडाखाली शोकु म्हणजे बैठं टेबल लागतंच. रानासारखी बरीच झाडं एका सपाट ताटात लावलेली असली तर टेबलाऐवजी जिइता, म्हणजे लाकडाची नुसती फळी. कड्यावरून लोंबावं तसं कुंडीच्या खाली उतरणारं झाड असेल तर उंच स्टँड, नाहीतर फांदी टेबलाला टेकते. टोकियोला उएनोमध्ये १९३४ पासून कोकुफुतेन नावाचं प्रदर्शन भरतं, बोन्सायवाल्यांसाठी ते सर्वोच्च, तिथले फोटो बघा, तिथली मंडळी स्टँड किती विचार करून निवडतात ते दिसतं, जुने स्टँड तर जुन्या कुंड्यांइतकेच जपतात. आणि हे सगळं परकं आहे असंही नाही. आपण गणपती जमिनीवर ठेवतो का? चौरंग लागतो. जेवायला पाहुणा बसला की पाट मांडतो, देवाला देव्हारा करतो. ज्याचा मान करायचा त्याला जमिनीपासून चार बोटं वर उचलून ठेवायचं हे आपल्या अंगात आहे, म्हणूनच मी माझ्या स्टँडला चौरंग म्हणते.

पण चौरंग त्या झाडाच्या मापाचा पाहिजे. माझ्या वडाची कुंडी ३८ बाय २६ सेंमी, तर चारी बाजूंना चार चार सेंमी सोडून वरचा पाट ४६ बाय ३४ चा येतो. खोड जाड म्हणून पायही जाड, उंची फक्त ९ सेंमी, कारण वड मुळात बसका. हाच चौरंग कामिनीखाली घातला तर कामिनी बिचारी हरवून जाते, तिला बारीक पायांचा, हलका, जरा उंच हवा. रंग कुंडीपेक्षा एक छटा गडद असला की नजर झाडावर जाते. म्हणजे नऊ झाडांना नऊ वेगळे चौरंग, आणि हे कुठल्याच दुकानात तयार मिळत नाहीत. बाहेरून येणारे बरे स्टँड या मापात अकरा हजारांच्या खाली मला मिळाले नाहीत, एकाचे.

सुताराकडून का नाही करून घेतले, हा प्रश्न घरातही आला. गेले होते. आमच्या भागातल्या तीन जणांकडे गेले, तिघंही कामाचे पक्के, पण तिघांचंही सगळं काम आता प्लायचं आणि सनमायकाचं, मॉड्युलर किचन, वॉर्डरोब. त्यांची चूक नाही, गिऱ्हाईकच ते मागतं. एकानं सागवानात करून द्यायला ४,५०० सांगितले, पण सांधा खाचेचा पाहिजे म्हटल्यावर म्हणाला, ताई, स्क्रू मारून वर पुट्टी भरतो, दिसणार नाही. मला दिसण्याचं नव्हतं, पाण्यात टिकण्याचं होतं. गावगाड्याच्या बारा बलुतेदारांत सुतार होता, नांगरापासून पाळण्यापर्यंत सगळं त्याच्या हातचं, आणि आज पुण्यात सागवानाची खाच पाडून द्यायला माणूस शोधावा लागतो.

शेवटी माणूस भेटला तो आमच्याच बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावरचे काका, सत्त्याहत्तर वर्षांचे, आयुष्यभर फर्निचरच्या कारखान्यात मिस्त्री होते. त्यांनी पहिल्या दिवशी मला काहीच करू दिलं नाही, फक्त पटाशीला, म्हणजे लाकडात खाच पाडायच्या छिन्नीला, धार लावायला बसवलं. दुकानातून आणलेली नवी पटाशी कापत नाही, हेच मला माहीत नव्हतं. पंचवीस अंशाचा उतार असतो, त्याच्या टोकाला तीस अंशाची बारीकशी धार काढायची, दगड ओला ठेवायचा, मागची बाजू एकदम सपाट घासायची, आरशासारखी. दोन तास झाले. मग त्यांनी पॅकिंगच्या खोक्याची एक मऊ फळी आणली आणि म्हणाले, हिच्या डोक्यावर चालव, म्हणजे जिथे लाकडाचे तंतू उभे कापले जातात तिथे. चांगली धार असेल तर तिथूनही गुळगुळीत चकती निघते, नसेल तर तंतू चुरडतात आणि भुगा पडतो. माझा भुगाच पडला. पुन्हा दगड. चौथ्यांदा कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकती निघाली तेव्हा काका उठून चहा सांगायला गेले.

आता पैशांचं. बोहरी आळीत दोन दिवस फिरून घेतलं, काही ऑनलाइन. जपानी पद्धतीची ओढताना कापणारी करवत १,६५०, पातं पातळ असतं त्यामुळे रेघेला धरून कापते आणि लाकूड कमी वाया जातं. पटाश्या ६, १२, १८ आणि २५ मिमीच्या मिळून १,४००. मोठा रंधा ३,२००, छोटा एका हातात मावणारा १,९००. चार क्लॅम्प २,०००. काटकोन बघायचा गुण्या, रेघ आखायचं मार्किंग गेज आणि माप घ्यायचं व्हर्निअर ९५०. धारेचे दगड १,३००. सँडर, म्हणजे पॉलिश पेपरनं घासायचं मशीन, ३,६००. झाले सोळा हजार. वर्षभरानं ट्रिमर, म्हणजे खोबण पाडायचं विजेवरचं मशीन, घेतला ४,२०० चा.

घरी आणून मांडल्यावर ह्यांनी एकच विचारलं, एका स्टुलासाठी एवढं? रागानं नाही, खरंच कळत नव्हतं त्यांना. सासूबाई मात्र म्हणाल्या, शिवणाचं मशीन घेतलं तेव्हा कुणी विचारलं होतं का किती झबली होणार म्हणून.

लाकूड विकत आणायची वेळच आली नाही सुरुवातीला. वाईचा वाडा पाडला तेव्हा चुलतभावाने तुळईचे दोन तुकडे ठेवले होते, कशाला लागतील त्याला माहीत नव्हतं, फेकवले नाहीत एवढंच. बाहेरून काळेठिक्कर, धुरानं आणि तेलानं माखलेले. जुनं लाकूड घेणाऱ्यांना एक गोष्ट सांगते, रंधा लावायच्या आधी सगळीकडून लोहचुंबक फिरवा. मी नाही फिरवलं, आणि दुसऱ्याच फटक्याला आत मोडून राहिलेल्या खिळ्यावर रंध्याचं पातं गेलं, धारेला टवका, तो काढायला दीड तास दगडावर. त्यानंतर चुंबकानं सात खिळे सापडले, चौकोनी, हातानं घडवलेले, ते एका वाटीत ठेवलेत. मग पुन्हा रंधा घातला. काळा थर गेला आणि खालून मधासारखा पिवळसर तांबूस सागवान निघाला, रंध्याच्या तोंडातून लांब वेटोळं बाहेर पडत होतं आणि वास असा की माजघराचं कपाट उघडावं. ज्या वाड्याच्या भिंतीत वड उगवला त्याच वाड्याची तुळई त्याच्याखाली जाणार होती. हे मला तेव्हा लक्षात आलं, ह्यांना हाक मारून दाखवलं, आणि त्यानंतर स्टुलाचा प्रश्न घरात निघाला नाही.

पहिला चौरंग मात्र फसला, आणि कशामुळे फसला ते इतरांच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहिते. एप्रिलमध्ये केला. चौकटीत मधली फळी बसवली आणि चारी बाजूंनी फेविकॉल लावून पक्की केली, घट्ट म्हणजे चांगली असं वाटलं. जुलैत बघते तर चौकटीचा एक कोपरा उघडला, नख जाईल एवढी फट. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलतं, पावसाळ्यात हवेतला दमटपणा पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, फूटभर रुंदीच्या सागवानाला आपल्याकडे दोनेक मिलिमीटरचा फरक सहज पडतो. फळीला फुगायला जागा नव्हती म्हणून तिनं चौकट ढकलली. वाळलेल्या लाकडाची ही ताकद आहे, तिच्यापुढे डिंक चालत नाही. पुढच्या चौरंगात चौकटीला आतून खोबण पाडली, फळीच्या कडा त्यात सरकवल्या, दोन्हीकडे दोन दोन मिमी रिकामे सोडले आणि फळीला डिंकाचा थेंबही लावला नाही, ती आत मोकळी. ती सलग सहा मिमीची खोबण हातानं पाडणं मला जमेना, ट्रिमर त्यासाठीच घेतला. दोन पावसाळे झाले, कोपरे जसेच्या तसे.

पायांचा सांधा मॉर्टिस-टेननचा. पायात चौकोनी खाच पाडायची आणि आडव्या पट्टीची जीभ तिच्यात बसवायची. पट्टी अठरा मिमी जाड असेल तर जीभ तिच्या एक तृतीयांश, सहा मिमी, म्हणून सहाची पटाशी. खाच मधून सुरू करायची, पटाशी उभी धरून मोगरीनं हलके ठोके, थोडं थोडं दोन्ही टोकांकडे सरकत जायचं, शेवटची रेघ अगदी शेवटी कापायची. जीभ हातानं दाबून आत गेली पाहिजे आणि उलटं धरलं तर पडता कामा नये, काकांची परीक्षा ही. स्क्रू एकही नाही. पॉलिशचंही तसंच. लाखेचं पॉलिश दिसायला सुंदर, पण त्यावर पाणी साचलं की पांढरा डाग पडतो, झाडाखाली ते चालत नाही. मी जवसाचं तेल लावते, बॉइल्ड लिनसीड ऑइल म्हणून मिळतं ते, पाच-सहा हात, प्रत्येक हातानंतर पुसून दोन दिवस थांबायचं. आणि कृपया हे वाचून करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात, पसरून बाहेर वाळत घाला. सागवानाची धूळही नाकाला आणि कातडीला त्रास देते, मास्क लावल्याशिवाय सँडर चालवू नका.

आता त्या वाचकाच्या मूळ मुद्द्याकडे येते. अडीच वर्षांत सात चौरंग झाले. मधल्या काळात तुळई संपली, आता टिंबर मार्केटमधून किंवा जुन्या बाजारातून तुकडे आणते, एका चौरंगाला सरासरी नऊशेचं लाकूड धरा, पहिल्या दोनांना फुकट होतं तरी धरा. म्हणजे ६,३०० आणि हत्यारांचे २०,२००, मिळून २६,५००. तेच सात त्या ४,५०० वाल्याकडून घेतले असते तर ३१,५००, तेही स्क्रू आणि पुट्टीचे. बाहेरचे घेतले असते तर ७७,००० होतात. माझे कष्ट यात धरलेले नाहीत हे मान्य, पण संध्याकाळचे ते दोन तास मी कुणाला विकणार नव्हते. आणि हत्यारं अजून घरात आहेत. रंधा नीट ठेवला तर माझ्या मुलालाही पुरेल, काकांचा गुण्या त्यांच्या वडलांचा आहे. आपण दर तीन वर्षांनी फोन बदलतो, त्याची किंमत माझ्या सगळ्या हत्यारांएवढी किंवा जास्त असते, आणि त्याबद्दल पेपरात कुणी पत्र लिहीत नाही.

बरं, आता हा हिशोब मी मांडला कारण तोच विचारला जातो. तो उलटा आला असता तरी मी हत्यारं घेतलीच असती. झाडाला वीस वर्षं द्यायची आणि ते ज्यावर उभं राहतं ते तीन दिवसांत फुगणाऱ्या भुशाचं असू द्यायचं, हे मला पुन्हा करायचं नाही. वर्षातून चारच दिवस वापर होतो हेही खरं आहे, पण गणपतीचा चौरंगही तेवढाच वापरला जातो, तेवढ्यासाठी तो कुणी थर्माकोलचा करत नाही.

कुणाला सुरू करायचं असेल तर एवढंच सांगेन की एकदम सगळं घेऊ नका. आधी करवत, बारा आणि सहाची पटाशी, एक रंधा, गुण्या आणि दगड, बस. दगडावर पैसे वाचवू नका. बारा नगांचे स्वस्त सेट येतात ते घेऊ नका, त्यातलं लोखंड धार धरत नाही आणि बारातले आठ नग कधी लागत नाहीत. सँडर मी आज घेतला नसता, धारदार रंध्यानं जी तकाकी येते ती पॉलिश पेपरनं येत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हातानं चालणारी हत्यारंच बरी, आवाज नाही, रात्री नऊ वाजताही शेजारी तक्रार करत नाहीत.

दोन विनंत्या आहेत, त्यासाठीच पेपरला लिहितेय. आपल्याकडे जानेवारीत एम्प्रेस गार्डनला आणि इतरही ठिकाणी पुष्पप्रदर्शनं भरतात, तिथे बोन्सायचा विभाग असतो, लोक लहान मुलांना घेऊन बघायला येतात. सगळ्याच आयोजकांना सांगणं आहे की बोन्साय लांब टेबलावर एकाला एक चिकटून लावू नका, प्रत्येक झाडाला दोन्हीकडे हातभर जागा द्या, मागे साधा फिक्या रंगाचा पडदा लावा, आणि परीक्षकांनी मांडणीला, स्टँडला, वेगळे मार्क ठेवावेत. तसं झालं तर लोक स्टँडकडे लक्ष देतील आणि चांगलं लाकूडकाम जाणणाऱ्या सुतारांकडे पुन्हा काम जाईल. दुसरी विनंती शासनाला. आयटीआयमध्ये सुतारकामाचा ट्रेड आहे, वर्कशॉप आहेत, बाक आहेत, शिकवणारे आहेत. रविवारी आमच्यासारख्यांसाठी दहा-बारा आठवड्यांचा फी घेऊन कोर्स ठेवावा. मला काका भेटले, सगळ्यांना पहिल्या मजल्यावर काका मिळत नाहीत. बायकांनाही प्रवेश असावा हे वेगळं लिहिते कारण हार्डवेअरच्या दुकानात मला अजून विचारतात, साहेब नाही आले का?

आठवा चौरंग सध्या बाकावर आहे, चिंचेसाठी, शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाचा. त्याचे तीन पाय बसलेत. चौथ्याची खाच अर्ध्या मिलिमीटरनं सैल झालीय, तो पाय पुन्हा करावा लागेल.

कळावे,
आपली एक वाचक,
सिंहगड रोड, पुणे